टाकी शुद्ध असल्याबाबत

तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, हे निसर्गाने कोणाचीही मंजुरी न घेता ठरवून टाकले आहे. तेल वर राहते, पाणी तळाशी जाते. त्यासाठी कधी परिपत्रक निघालेले नाही, मुदतवाढ द्यावी लागलेली नाही, आणि आजवर एकाही थेंबाने त्याविरुद्ध अपील केलेले नाही. प्रशासनाच्या दृष्टीने ही बाब चिंतेची आहे. जे काम नियमावाचून बिनबोभाट चालते त्यावर देखरेख ठेवायची कशी, हा प्रश्न त्यातून उभा राहतो. आमच्या यंत्र केंद्राने तो कसा सोडवला, त्याची ही हकीकत. सोडवणारा मीच असल्यामुळे ती मला तपशीलवार ठाऊक आहे.

आमच्या केंद्रात अकरा ट्रॅक्टर आहेत. आसपासच्या शेतकऱ्यांना नांगरणी-पेरणीसाठी ते पाळीपाळीने द्यायचे, हे आमचे काम. पत्र्याची एक लांब शेड, शेडच्या मागे विटांच्या खांबांवर आडवी ठेवलेली डिझेलची मोठी टाकी, आणि शेडच्या पुढे कचेरी. कचेरीच्या खिडकीतून टाकी दिसत नाही (खिडकी फाटकाकडे उघडते; उशिरा कोण आले ते दिसावे म्हणून). कचेरीत व्यवस्थापकसाहेब आणि नोंद-कारकून, म्हणजे मी.

शेडमध्ये बरणीमावशी. तिचा नवरा इथे फिटर होता. त्याला पान्हे देता देता ती काम शिकली आणि तो निवृत्त झाल्यावर त्याच्या जागी लागली. तिच्याहून चार वर्षांनी मोठे असलेले साहेबसुद्धा तिला मावशीच म्हणत.

मावशीची पद्धत अशी होती. सकाळी सात वाजता ती ट्रॅक्टरच्या टाकीखाली हात घाली, तळाचा नट अर्धा फेरा सैल करी आणि पेलाभर डिझेल काचेच्या स्वच्छ बरणीत घेई. बरणी खिडकीच्या कठड्यावर ठेवून चहा पिई. चहा संपेपर्यंत डिझेलात पाणी असेल तर ते तळाशी उतरे आणि मध्ये एक बारीक रेघ दिसू लागे. रेघ नसली की बॉनेटवर थाप मारून ती ड्रायव्हरला म्हणे, "जा." रेघ असली की पाणी संपेपर्यंत नट उघडा ठेवी आणि म्हणे, "काल टाकी भरून ठेवली नाहीस. अर्धी टाकी रात्रभर आतून घामेजते, किती वेळा सांगायचं?" मग पुढचा ट्रॅक्टर. अकरा ट्रॅक्टर, अकरा बरण्या, तीन कप चहा.

सात नंबरचा ट्रॅक्टर तिचा जावई चालवायचा. शेडमध्ये तो तिला इतरांसारखा मावशी म्हणे, फाटकाबाहेर पडला की आई. मावशी मात्र आत आणि बाहेर त्याला "जावईबापू, तुम्ही" असेच म्हणे आणि त्याच्या टाकीची बरणी दोनदा भरी. जावयाचा मान वेगळा आणि जावयाची टाकी वेगळी, असे तिचे मत होते.

एकोणीस वर्षांत पाणी गेल्यामुळे आमचा एकही ट्रॅक्टर बंद पडला नाही. हा आकडा मी पुढे चौकशीच्या वेळी काढला. तोवर काढायचे कारणच पडले नव्हते, कारण न घडलेल्या गोष्टींसाठी आमच्याकडे वही नाही.

मग मुख्य कार्यालयाचे पत्र आले. प्रत्येक केंद्राने आपले इंधन शुद्ध असल्याचा पुरावा सादर करावा. साहेबांनी मावशीला बोलावले.

"मावशी, आपलं डिझेल शुद्ध आहे का?"

"आहे."

"कशावरून?"

मावशी शेडमध्ये गेली आणि भरलेली बरणी आणून तिने साहेबांच्या टेबलावर ठेवली. "हे बघा. पलीकडचा तुमचा फोन दिसतोय, त्याच्यावरचे आकडेही दिसतायत."

साहेबांनी वाकून बरणीतून फोन पाहिला. "दिसतायत. पण हे वर कसं पाठवायचं?"

"वर कशाला पाठवायचं? इथंच भरायचंय, इथंच जाळायचंय."

"पुरावा लागतो, मावशी."

"मग बरणीच पाठवा."

"हा पुरावा नाही," साहेब शांतपणे म्हणाले. "ही बरणी आहे."

प्रशासनात काही वाक्ये अशी असतात की त्यातून पुढचा सगळा मार्ग उजळतो. मी त्याच दुपारी लिहायला बसलो. नऊ दिवसांत 'इंधन शुद्धता कार्यपद्धती' तयार झाली: एकतीस कलमे, सहा नमुने, दोन परिशिष्टे. विस्तारभयास्तव काही कलमेच इथे देतो.

कलम २. 'शुद्ध' म्हणजे जे अशुद्ध असल्याचा अहवाल आलेला नाही असे डिझेल.

कलम ५. तपासणीसाठी फक्त प्रमाणित बाटली वापरावी. (बरणीवर माप नाही, क्रमांक नाही, आणि तिच्या तळाच्या काचेत एक बुडबुडा आहे.)

कलम ९. प्रत्येक टाकीचा नमुना रोज सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवावा. अहवाल तेवीस दिवसांत येईल.

कलम ११. अहवाल येईपर्यंत टाकी शुद्ध मानावी. पुराव्यावाचून कोणत्याही टाकीवर संशय घेणे अन्यायाचे आहे.

कलम १४. डिझेल सकाळी साडेदहा ते अकरा या वेळेतच द्यावे, कारण देताना माझी सही लागते आणि मी साडेदहाला येतो.

कलम १७. अहवाल येईपर्यंत टाकीचा तळाचा नट बाटलीभर नमुन्यापलीकडे उघडू नये. पुराव्याला धक्का लागतो.

कलम १४ मुळे संध्याकाळी टाक्या भरणे बंद झाले आणि रिकाम्या टाक्या रात्रभर घामेजू लागल्या. कलम १७ मुळे तो घाम सकाळी काढून टाकणेही बंद झाले. दोन कलमे इतकी हातात हात घालून चालताना मी माझ्या नोकरीत दुसऱ्यांदा पाहिली नाहीत.

पंधरा दिवसांनी मुख्य कार्यालयातून तपासणी पथक येणार असल्याचे कळले. साहेबांनी शेड झाडून घेतली, कुंड्या रंगवल्या आणि मोठी टाकी धुवायला सांगितली. त्या टाकीच्या झाकणावर एक जुने घमेले पालथे घातलेले होते आणि त्याच्यावर एक दगड होता. परिशिष्ट दोनप्रमाणे टाकीवरच्या अनधिकृत वस्तू काढायच्या होत्या. मी त्या काढायला सांगितल्या.

मावशी शेडमधून हात पुसत आली. "घमेलं काढू नका. झाकणाचं रबर फाटलंय. धुताना पाणी सरळ आत जाईल."

"नव्या रबराची मागणी केली होती का?" साहेबांनी विचारले.

"सहा वेळा."

मी फाइल पाहिली. सहा मागण्या होत्या. सगळ्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या, एकही गहाळ नव्हती. साहेबांनी फाइलचे कौतुक केले. मग घमेले उतरवले, नळाला लांब पाइप लावला आणि पाऊण तास टाकी वरून खालपर्यंत खळखळून धुतली. वाळल्यावर पांढरा रंग दिला आणि त्यावर निळ्या अक्षरांत 'शुद्ध इंधन' असे लिहून घेतले. पथकाने टाकीभोवती एक फेरी मारली आणि आम्हाला शंभरपैकी शहाण्णव गुण दिले. (चार गुण कुंड्यांचे गेले.)

कार्यपद्धतीत फिटरने टाकीला हात लावायची गरज उरली नव्हती, म्हणून मावशीला कचेरीत माझ्या शेजारचे टेबल दिले. काम सोपे होते: रोज येणाऱ्या अकरा बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. पहिल्याच दिवशी तिने एक बाटली उचलून उजेडात धरली आणि माझ्यासमोर ठेवली.

"रेघ बघ. बोटभर पाणी आहे खाली."

"मावशी, 'रेघ' या शब्दाची व्याख्या कार्यपद्धतीत नाही."

"व्याख्या कशाला हवी? दिसतीय की."

"दिसतेय. पण अहवाल यायचाय."

तिने दुसरी बाटली उचलली, मग तिसरी. अकरा बाटल्या तिने टेबलावर रांगेत मांडल्या आणि अकराही बाटल्यांत रेघ होती, कुठे करंगळीभर, कुठे दोन बोटे. मग तिने चिठ्ठ्यांना गोंद लावायला घेतला. मी नोंदवहीत लिहिले: अकरा टाक्या, शुद्ध.

त्याच आठवड्यात जमिनीला वाफसा आला. वाफसा म्हणजे माती फार ओली नाही आणि फार कोरडी नाही, अशी पेरणीजोगी अवस्था. आमच्याकडे तो बारा दिवस टिकतो. त्यानंतर माती दगडासारखी होते आणि बी वरच राहते. सहाशे चाळीस एकर पेरायचे होते. माती ही गोष्ट अजून कार्यपद्धतीखाली आलेली नसल्यामुळे तिला मुदतवाढ देता येत नव्हती.

पहिल्या दिवशी दोन ट्रॅक्टर गचके देत बंद पडले. दुसऱ्या दिवशी आणखी तीन. तिसऱ्या दिवसाच्या संध्याकाळपर्यंत अकरापैकी सात ट्रॅक्टर वेगवेगळ्या शेतांत उभे होते आणि ड्रायव्हर चालत परत येत होते. मी प्रत्येकाकडून नमुना 'ङ' भरून घेतला. त्यात 'बंद पडण्याचे कारण' या रकान्यात तीन चौकोन होते: चालकाचा निष्काळजीपणा, चालकाचे अज्ञान, आणि इतर (चालकाने स्वतः सिद्ध करावे). चौघांनी निष्काळजीपणा निवडला, तिघांनी अज्ञान. एकाने विचारले, "यातलं कमी शिक्षेचं कोणतं?" हा प्रश्न मला रास्त वाटला. पुढच्या आवृत्तीत तशी तळटीप घालण्याचे मी ठरवले.

चौथ्या दिवशी सात नंबर तळ्याच्या बांधाचा चढ चढत होता. मागे पेरणी यंत्र जोडलेले होते आणि यंत्राच्या फळीवर शेताची मालकीण बियाणे नीट उतरते आहे का ते बघत उभी होती. चढाच्या मध्यावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते थांबले. ट्रॅक्टर मागे सरकू लागला. ब्रेक लागले, पण ओल्या गवतावर चाके घसरत राहिली. तसाच मागे गेला असता तर यंत्र दुमडून त्या बाईंवर आले असते. जावयाने ओरडून तिला उडी मारायला सांगितले आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे पिळले. ट्रॅक्टर आडवा होऊन बांधाच्या कडेला कलला. बाईंना खरचटलेसुद्धा नाही. सीटवरून फेकल्या गेलेल्या जावयाचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला.

कार्यपद्धतीप्रमाणे अपघातग्रस्त चालकाला चोवीस तासांच्या आत ज्ञापन द्यावे लागते. मी ते घेऊन दवाखान्यात गेलो. खोलीत चार खाटा होत्या. जावई खिडकीजवळच्या खाटेवर होता, हात खांद्यापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये. त्याची बायको, म्हणजे मावशीची मुलगी, औषधांची चिठ्ठी घेऊन नुकतीच खाली गेली होती. मावशी स्टुलावर बसली होती.

"कसे आहात?" मी विचारले.

"हात सोडून बरा आहे."

मी कागद दिला. त्याने तो डाव्या हातात धरून हळूहळू वाचला. "वाहन चालू स्थितीत नसताना विनापरवानगी आसन सोडल्याबाबत, तसेच विहित मार्ग सोडून वाहन डावीकडे वळवल्याबाबत." त्याने कागद मावशीकडे दिला. "आई, मी सीट का सोडली असं विचारतायत."

मावशीने कागद वाचला. घडी घातली. मग मला विचारले, "त्या दिवशी सात नंबरची टाकी शुद्ध आहे, असं कुणी लिहिलं?"

"मी."

"बघितली होतीस?"

"कार्यपद्धतीत बघण्याची तरतूद नाही, मावशी. मानण्याची आहे."

जावयाला पाणी हवे होते, म्हणून तिने तांब्यातून पेल्यात ओतले आणि त्याला देण्याआधी पेला खिडकीकडे करून एकदा आरपार पाहिला. हाताला सवय होती. मग ती माझ्याकडे वळली.

"तुझं अक्षर फार छान आहे," ती म्हणाली.

वीस वर्षांच्या नोकरीत माझ्याविषयी इतके वाईट कोणी बोललेले नाही. पण ते मला घरी पोहोचल्यावर कळले. जावयाची पोच मात्र मी घेतली होती. उजवा हात चालत नसल्यामुळे डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला आणि समासात तसे नमूद केले.

दुसऱ्या दिवशी मी चार तास लवकर गेलो. का गेलो, ते मी अजून शोधतो आहे. साडेसहाला शेडचे दार उघडे होते. आदल्या संध्याकाळी दोरखंड लावून शेतांतले ट्रॅक्टर ओढून आणलेले होते आणि मावशी पहिल्याच्या टाकीखाली पाठीवर पडलेली होती. दहाही ड्रायव्हर तिच्याभोवती पान्हे आणि चिंध्या घेऊन उभे होते. तिने मला पाहिले.

"आला आहेस तर ही बादली धर."

मी धरली. तिने नट पूर्ण काढला. आधी पाणी आले, स्वच्छ, नळाच्या पाण्यासारखे. मग तांबूस गंज. मग शेवाळासारखा काळा बुळबुळीत गाळ, आणि सगळ्यात शेवटी डिझेल. तिने फिल्टर बदलला, नळीतली हवा काढली आणि इंजिन चालू करायला सांगितले. ते चालू झाले. "पुढचा," ती म्हणाली. मी बादली ओतून आलो आणि पुन्हा धरली. मोठ्या टाकीच्या तळातून, आमच्या शुद्ध इंधनातून, अडतीस लिटर पाणी निघाले. मी मोजले, कारण मोजणे मला जमते. झाकणावर मावशीने सायकलच्या ट्यूबचा कापलेला गोल तुकडा बसवला आणि घमेले पुन्हा पालथे घातले.

कामाला दीड दिवस लागला. मध्ये एका ड्रायव्हरने मला चहा आणून दिला. माझे दोन्ही हात भरलेले होते, म्हणून कप त्यानेच माझ्या तोंडाला लावला. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका चांगला चहा प्यायलो नाही, पण ही नोंद इथे अप्रस्तुत आहे.

सहाव्या दिवशी दुपारी दहा ट्रॅक्टर शेतांत गेले आणि वाफसा संपेपर्यंत एकही बंद पडला नाही. चारशे दहा एकर पेरून झाले. उरलेले दोनशे तीस तसेच राहिले. वार्षिक अहवालात मी त्या जमिनीपुढे 'विश्रांती' असे लिहिले आहे. जमिनीला विश्रांती चांगली असते. ती कोणाकोणाची जमीन होती ते मला माहीत आहे. त्यांतल्या एका म्हाताऱ्याने कचेरीत येऊन फक्त एवढेच विचारले, "आमचा नंबर कधी होता?" मी यादी पाहून सांगितले, "पाचव्या दिवशी." तो "बरं," म्हणाला आणि गेला.

पथक गेल्यावर रजेवर गेलेले साहेब परतले तेव्हा त्यांना सगळे समजले. त्यांनी मला आत बोलावले.

"कलम सतरा मोडलं गेलंय. नट कोणी उघडले?"

हा प्रश्न अवघड नव्हता. साहेबांना उत्तर माहीत होते, मला माहीत होते, दहा ड्रायव्हरांना माहीत होते. तरीही मी आधी टेबलाकडे पाहिले. साहेबांच्या टेबलावरचा फोन मला स्पष्ट दिसत होता. मग मी सांगितले आणि साहेबांच्या सांगण्यावरून अहवालही लिहिला. अहवालात नटाचा उल्लेख आहे, पान्ह्याचा आहे, बादलीचाही आहे. बादली कोणी धरली याचा नाही. तसा रकानाच नव्हता.

पुरावा नष्ट केल्याबद्दल मावशीला कामावरून कमी केले. ती टेबल आवरायला आली तेव्हा मी समोरच होतो. तिने गोंदाची बाटली माझ्याकडे सरकवली, चिठ्ठ्यांचा गठ्ठा रबराने बांधून दिला आणि म्हणाली, "वरच्या वीस-एक ओल्या आहेत, आधी वाळव." मी "हो मावशी," म्हटले. आणखी काही म्हणायचे होते. ती फाटकाबाहेर पडताना खिडकीतून स्पष्ट दिसली. खिडकी त्यासाठीच आहे.

मावशीने पहिली चिठ्ठी चिकटवल्यापासून तेविसाव्या दिवशी पहिला अहवाल आला. आमच्या हद्दीत एकच प्रयोगशाळा आहे आणि ती पिण्याचे पाणी तपासते, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती (पत्ता मात्र बिनचूक होता). अहवालात लिहिले होते: "नमुन्यात डिझेलचे प्रमाण अतिशय जास्त. पिण्यास अयोग्य. उकळू नये."

साहेबांनी तो दोनदा वाचला. "म्हणजे आपलं डिझेल हे डिझेलच आहे," ते म्हणाले, "हे आता शासकीय प्रयोगशाळेनं सिद्ध केलं." अहवाल मुख्य कार्यालयाकडे गेला आणि पुराव्यासह शुद्धता सिद्ध करणारे आमचे पहिलेच केंद्र ठरले. साहेबांना मानपत्र मिळाले. जावयाचा हात जुळला, पण मनगट पूर्ण वळत नाही, म्हणून त्याला फाटकावर पहारेकरी केले. मावशीने तिठ्यावर एक टपरी घातली आहे आणि ती खासगी ट्रॅक्टरांची कामे करते. केंद्राचे ट्रॅक्टर सकाळी बाहेर पडले की शेते उजवीकडे असूनही आधी डावीकडे वळतात आणि पाच-दहा मिनिटांनी परत येतात. जावई फाटकावर त्यांची वेळ लिहितो. दिशा लिहीत नाही.

मलाही बढती मिळाली. मी आता शहराच्या पाणी विभागात आहे. रहिवासी इमारतींच्या गच्चीवरच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या माझ्याकडे आहेत, अकराशे इमारती. कार्यपद्धती तीच आहे, फक्त 'डिझेल' या शब्दाच्या जागी 'पाणी' घातले आहे (एक-दोन ठिकाणी राहून गेले असेल). दर सहा महिन्यांनी प्रत्येक जिन्यात एक कागद लागतो: टाकी साफ केल्याचा दिनांक, पुढचा दिनांक, सही. सही माझी असते. पहिले वर्षभर मला धास्ती वाटायची की एखादा रहिवासी कागद वाचेल, दोन मजले चढून गच्चीवर जाईल आणि झाकण उचलून आत डोकावेल. आजवर एकही गेलेला नाही. तक्रार म्हणाल तर एकच आली, ती तुमच्या इमारतीतून: जिन्यातल्या कागदावरची मुदत संपून आठवडा झाला तरी तो बदललेला नाही. तक्रार योग्यच होती. मी त्याच दिवशी नवा कागद लावला. तुम्ही आभाराचे पत्र पाठवलेत आणि, मला वाटते, घरात जाऊन पेलाभर पाणी प्यायलात.